वाचायला दिलेली वही

वहिनींनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, वहीतल्या सातव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि त्या थांबल्या.

“हे पोहणं म्हणजे काय?”

“पोहणं म्हणजे पोहणं,” बारकी म्हणाली. “तलावावर जाते. सकाळी सहाला बायकांची बॅच असते.”

“आणि त्याचे महिन्याला सातशे?”

“हो.”

बोट तसंच ठेवून वहिनींनी दादाकडे पाहिलं. दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून कॅल्क्युलेटर ठोकत होता. त्याने मान वर केली नाही, पण ठोकणं थांबवलं.

रविवारची दुपार होती. जेवणं आटोपून टेबल पुसून झालं होतं आणि त्यावर आता फक्त बारकीची वही होती. शाळकरी, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. दादाने फोनवर सांगितलं होतं की येताना हिशेबाची वही आण, तुझ्या कर्जाचं एकदा काय ते बघू. बारकीने ती आणली होती, आणि खरं सांगायचं तर थोड्या तोऱ्यातच आणली होती. पहिल्या पानावर सव्वासात लाखांचा आकडा होता आणि शेवटच्या पानावर दोन लाख तेरा हजारांचा. मधली सगळी पानं तिने एकटीने भरली होती. कोणीतरी ती उलटून पाहावीत असं तिला फार दिवस वाटत होतं.

एकेचाळिसाव्या वर्षीही घरात तिला बारकीच म्हणत. ती दादापेक्षा सहा वर्षांनी लहान, एवढाच त्या नावाला आधार. बाकी उंचीने ती त्याच्या कानाला लागत होती आणि खांदे त्याच्यापेक्षा ताठ होते. वहिनींनी लग्न होऊन आल्यावर त्या नावाला ‘ताई’ जोडलं. ‘बारकीताई’ ऐकून पाहुणे हसत. बारकीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

कर्ज तिने काढलं होतं, पण स्वतःसाठी नव्हे. नवऱ्याला समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा करायचा होता आणि पगाराची पावती घरात तिच्या एकटीकडेच होती, म्हणून बँकेच्या कागदावर नाव तिचं लागलं. धंद्याचा वर्षभर आवाज मोठा झाला, मग तो बसला. घटस्फोट झाला तेव्हा स्पीकर त्याच्याबरोबर गेले आणि हप्ते तिच्याजवळ राहिले. वर तिच्याच नावाची दोन क्रेडिट कार्डं होती, तीही काठोकाठ भरलेली. हप्त्यांसाठी त्याच्याशी भांडायचं का, असं वकिलांनी विचारलं होतं. भांडायला आणखी दोन वर्षं लागणार होती आणि वकिलांची फी वेगळीच. बारकी म्हणाली, नको, त्याच्याशी भांडण्यापेक्षा बँकेशी जमवून घेते, बँक निदान खोटं बोलत नाही.

तिचं काम होतं दातांचं. शहरातल्या पंधरा-वीस दातांच्या डॉक्टरांकडून मापं येत आणि त्यांवरून कवळ्या आणि कॅप करून देणारी एक लॅब होती, तिथे ती सोळा वर्षं कवळ्या बसवत होती. लॅबमध्ये प्रत्येक पेशंटचा एक ट्रे असतो. साचा, मेण, दात, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं त्याच ट्रेमध्ये. तिथे पाऊल टाकल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट एकच, की एका ट्रेमधली वस्तू दुसऱ्यात ठेवायची नाही. एक दातही नाही, एक मिनिटही नाही. ठेवली की कुठल्यातरी आजोबांच्या तोंडात कुठल्यातरी आजींचा दात जातो आणि दोघंही महिनाभर जेवत नाहीत.

घटस्फोटानंतरच्या पहिल्या पगाराला बारकीने लॅबने टाकून दिलेले सात तडकलेले ट्रे घरी आणले आणि कपाटात मांडले. भाडं, हप्ता, किराणा, वीज, औषध, बस अशा सहांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. सातव्यावर काय लिहावं ते सुचेना, तेव्हा ‘माझं’ असं लिहिलं. दर एक तारखेला रोख पैसे त्या सात ट्रेमध्ये पडत आणि एकातून दुसऱ्यात काही म्हणजे काही जात नसे. दोन वर्षांत दोन्ही कार्डं फिटली. बँकेचे साठातले त्रेचाळीस हप्ते गेले. सतरा राहिले.

दादा एका कारखान्यात स्टोअरचा मुख्य होता. आला-गेला खिळा त्याच्या सहीशिवाय हलत नसे आणि घरातही त्याने तीच शिस्त ठेवली होती. माणूस वाईट नव्हता. बहिणीचा संसार मोडला तेव्हा तिचं सामान वाहायला तोच टेम्पो घेऊन आला होता आणि वाटेत एकही प्रश्न विचारला नव्हता. फक्त आपण हात लावल्याशिवाय कोणाचं काही धड होईल, यावर त्याचा विश्वास नव्हता.

“हे बघ,” तो आता म्हणाला. “दोन लाख तेरा हजार. मी भरून टाकतो. मंगळवारी बँकेत जाऊ. मला परत कर जमेल तसे, व्याज-बिज काही नको. ते भाड्याचं घर सोड फक्त. मागची खोली रिकामीच आहे.”

 डाव्या बाजूची बारकीची दाढ वर्षभर दुखत होती. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणारी बाई एका बाजूने जेवत होती, कारण कॅप तिने स्वतः फुकट केली असती तरी आधी डॉक्टरांकडून दाढ कोरून घ्यायला हवी होती आणि तेवढे पैसे कुठल्याच ट्रेमध्ये नव्हते. तिला ती दाढ आठवली. शिवून शिवून शिवण फाटलेले बूट आठवले. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर, जिथे पाणी फक्त पहाटे येतं, तेही आठवलं. सतरा महिने म्हणजे दीड वर्षाच्या आसपास. ती थकली होती, आणि थकलेल्या माणसाला मागची खोलीही महाल वाटते. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात वहिनींनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

त्या बोलू लागल्या ते शांतपणेच. म्हणाल्या, म्हणजे मग हे पोहणं आधी बंद. पगार एक तारखेला माझ्याकडे द्यायचा, लागेल तसे मी देईन. बसचे पैसे रोजचे रोज सकाळी मागून घ्यायचे. ते ट्रे-बिट्रे काही नको, एका घरात दोन हिशेब बरे दिसत नाहीत. संध्याकाळी उशीर होणार असेल तर आधी सांगायचं. दादा मध्येच म्हणाला, अगं, एवढं कशाला, आणि थोडा चकितही दिसला, कारण वहिनी एका दमात एवढं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्या थांबल्या नाहीत.

“कर्ज फिटेपर्यंत माणसाने जरा खालमानेने राहावं, बारकीताई. डोक्यावर बोजा आणि तुम्ही पाण्यात डुबक्या मारताय. लोक काय म्हणतील?”

बारकीच्या कानशिलांत रक्त चढलं. लग्नाच्या तेरा वर्षांत ती जे जे मागून घेत आली होती, ते सगळं ओळीने तिच्यासमोरून गेलं. बसचे पैसे, बोलायची वेळ, गप्प बसायची वेळ. उठून तिने वहिनींच्या बोटाखालून वही ओढून घेतली.

“मी कर्ज काढलंय, चोरी केलेली नाही. आणि ही वही तुम्हाला वाचायला दिली होती, तपासायला नाही.”

“बारके, बस खाली,” दादा म्हणाला.

“नको. पैसेही नकोत. सतरा हप्ते आहेत, ते मी भरेन. पोहायलाही जाईन.”

दादाचा चेहरा पडला, मग लाल झाला. त्याने मामांना फोन करून हे आधीच सांगून टाकलं होतं. मामांनी ते आणखी चार ठिकाणी कौतुकाने सांगितलं होतं. आता काय तोंड दाखवायचं, असं तो म्हणाला. आणि मग जे म्हणायला नको होतं ते म्हणाला.

“ठीक आहे. पण मग अडलीस तर माझं दार वाजवू नकोस.”

बारकी बुटाच्या नाड्या न बांधताच जिना उतरली. वहिनी दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आपली खोड मोडली नाही म्हणून पाहत असतील, असं बारकीला वाटलं.

अडायला फार दिवस लागले नाहीत. पुढच्याच आठवड्यात लॅबमधली कॅप भाजायची भट्टी बंद पडली. तिचा सुटा भाग दूरच्या कुठल्यातरी गावाहून यायचा होता, आणि तो येईपर्यंत मालकांनी ओव्हरटाइम बंद केला. ओव्हरटाइमवर बारकीचा हप्ता टेकलेला होता. एक तारखेला तिने कपाटासमोर बसून सहा ट्रे भरले, हप्त्याचा शेवटी ठेवला, आणि त्यात सोळाशे कमी पडले.

हप्ता दहा तारखेला खात्यातून कापला जाई. तो चुकला की दंड, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे बँकेच्या त्या मुलीचा फोन, जी प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मॅडम’ म्हणून माणसाला भिकारी करून सोडते. सातव्या ट्रेमध्ये सातशे होते. ते उचलले असते तर प्रश्न नऊशेचाच उरला असता. कोणीही शहाणा माणूस तेच करील. बारकीने हात पुढे नेलाही. मग तिला ते ‘खालमानेने’ ऐकू आलं आणि तिने हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने तलावावरच्या खिडकीत सातशे भरले आणि पावती नीट घडी घालून ठेवली. यात शहाणपण नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण ती या महिन्यात वाकली असती तर पुढच्या सोळा महिन्यांत तिला कोणी वाकवायची गरजच उरली नसती.

दादाचा नंबर तिने एकदा काढला. पाहिला. फोन पालथा ठेवला.

लॅबमध्ये साचे ओतण्याचं काम प्लास्टरवाले काका करत. साठीचे, शर्टावर कायम पांढरे डाग, आणि डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला. बारकीचा चेहरा पाहून त्यांनी एक दिवस जाऊ दिला आणि दुसऱ्या दिवशी खिशातून हजाराच्या दोन घड्या काढून तिच्या बर्नरशेजारी ठेवल्या. सावकाश द्या, म्हणाले, मी कुठे पळून चाललोय.

बारकीने त्या घड्या उचलून त्यांच्या खिशात परत घातल्या.

“उसने नकोत, काका. तुमचं काम द्या.”

काकांना साच्यामागे पैसे मिळत, आणि डोळ्यांमुळे त्यांच्याकडे मापं तुंबली होती. ठरलं असं की जेवणाच्या सुट्टीत बारकीने साचे ओतायचे आणि एका साच्याचे चाळीस तिला. मालकांच्या कानावर घातलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले. काम उरकल्याशी त्यांना मतलब. मग सुरू झालं. डबा खायला पाच मिनिटं, उरलेला वेळ प्लास्टर. पाण्यात पावडर घालायची, गुठळी न होऊ देता घोटायची, मापात ओतताना हळूहळू टिचक्या मारायच्या, म्हणजे आत बुडबुडा राहत नाही. बुडबुडा राहिला की साच्यातल्या दाताला टेंगूळ येतं आणि सगळं काम पुन्हा. पहिल्या दिवशी बारकीचे सातांतले दोन फुकट गेले. काका म्हणाले, कवळीवाल्यांना वाटतं प्लास्टर म्हणजे चिखल. आता कळलं ना? तिच्या नखांत पांढरं बसलं, हाताची कातडी कोरडी पडून फुटली, पोहायच्या पाण्यात ती चरचरू लागली. रविवार सोडून सहा दिवस रोज सात साचे. नवव्या तारखेला संध्याकाळी काकांनी सोळाशे मोजून दिले आणि वर एक वाक्यही दिलं, की डाव्या हाताने टिचकी मारणारी माणसं हट्टी असतात. बारकी डावरी होती. ती तशीच बँकेत गेली आणि मशीनमध्ये पैसे भरून आली.

दहाला सकाळी फोनवर हप्ता कापल्याचा मेसेज आला. तिने वहीत लिहिलं: सोळा राहिले. बोटाच्या भेगेतून पानावर थोडं प्लास्टर सांडलं, ते तिने फुंकून टाकलं. कुठल्याच हप्त्याने तिला इतका आनंद दिला नव्हता. दादाला फोन करून सांगावं असंही क्षणभर वाटलं, की बघ, अडले होते, आणि दार वाजवलं नाही.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत वहिनी लॅबच्या दारात उभ्या राहिल्या.

त्या इथे कधी आल्या नव्हत्या. फळ्यांवर ओळीने मांडलेले जबडे पाहून त्यांनी पर्स छातीशी धरली. बारकीने हातातला वाडगा खाली ठेवला आणि एक स्टूल पुढे सरकवलं. बसा, म्हणाली, पण चहा विचारला नाही. काका नळापाशी भांडी धूत होते. त्यांनी पाठ वळवली, म्हणजे जेवढी वळवता येते तेवढी.

“दादाने पाठवलं?”

“नाही. त्यांना माहीत नाही मी इथे आलेय ते.”

वहिनींनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. बोलल्या तेव्हा तुकड्यातुकड्यांनी बोलल्या, आणि बारकीला ते जुळवायला थोडा वेळ लागला. वहिनी घरी बसून पडदे शिवत. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, कापड आणायचं, शिवून द्यायचं. सगळ्यांना ते माहीत होतं आणि कोणी त्याला काम म्हणत नव्हतं. चौदा वर्षांच्या पडद्यांचे पैसे त्यांनी बँकेत ठेव म्हणून ठेवले होते. सव्वादोन लाख झाले होते. ठेव दोघांच्या नावावर होती, कारण फॉर्म दादानेच भरला होता. बारकीच्या कर्जासाठी दादा जे पैसे देणार होता ते हेच. मामांना त्याने आधी सांगितलं, वहिनींना नंतर, आणि मंगळवारी बँकेत सहीला चल, इतकंच सांगितलं.

बारकी प्लास्टर लागलेल्या हातांकडे पाहत राहिली. घोटलेलं प्लास्टर वाडग्यात घट्ट व्हायला लागलं होतं, ते आता फुकट जाणार होतं.

“मग तुम्ही त्याला ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“कशी म्हणणार? नणंद अडचणीत, आणि भावजयीने पैसे धरून ठेवले. मरेपर्यंत ऐकलं असतं मी ते. तुमच्या मामांकडून, सगळ्यांकडून. तुमच्याकडूनसुद्धा.”

“म्हणून मग ते पोहणं...”

“वही वाचताना मला दिसलं की यात एवढी एकच गोष्ट आहे जिला हात लावला तर तुम्ही उठाल.” वहिनी प्रथमच तिच्या डोळ्यांत पाहून बोलत होत्या. “बाकी सगळं तुम्ही सोडलं असतं. पगारसुद्धा दिला असता. हो की नाही?”

 बारकीला राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. तीन आठवडे ती त्या दुपारच्या ‘नको’वर जगली होती. ते एकच वाक्य ती बसमध्ये, पाण्यात, साचे ओतताना मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत आली होती. आणि आता कळत होतं की ते तिच्याकडून काढून घेतलं होतं, ढकलत ढकलत कडेला नेऊन. तेरा वर्षं नवऱ्यानेही तिला असंच कडेला नेलं होतं. फरक एवढाच, की तो ‘हो’ काढून घेत असे.

“आणि मी हो म्हटलं असतं तर?”

“तर दिले असते पैसे,” वहिनी म्हणाल्या. “आणि तुमचा पगार एक तारखेला खरंच घेतला असता. माझे वसूल होईपर्यंत सोडलं नसतं तुम्हाला.”

नळाशी काका खोकले. बारकीला हसू आलं. नको असताना आलं, दाबायचा प्रयत्न केला तरी आलं, आणि दुखऱ्या दाढेवर हात ठेवून ती हसत राहिली. आपल्याला वापरलं, हे खरं होतं. पण ‘नको’ म्हटल्यानंतरचे चाळीस साचे कोणी तिच्याकडून काढून घेतले नव्हते. ते तिने ओतले होते. तो हिशेब तिच्या मनाशी पक्का बसला आणि राग बराचसा उतरला.

“मग आज का सांगताय? मला कधी कळलंही नसतं.”

वहिनींनी पर्स उघडली आणि बंद केली. दादा आता गाडी बदलणार होता. जुनी देऊन नवी घ्यायची, वरचे पैसे ठेवीतून. आपलेच पैसे पडून आहेत, म्हणाला. रविवारी गाडीवाल्यांचा माणूस कागद घेऊन घरी येणार होता आणि त्याच वेळी बँकेच्या फॉर्मवर वहिनींनी सही करायची होती. या खेपेला मध्ये कोणी नणंद नव्हती, कोणाला डिवचायची सोय नव्हती.

“तुम्ही याल का रविवारी?” वहिनींनी विचारलं. “तुम्ही समोर असलात तर मला बोलता येईल.”

“मी आले तर पुन्हा मीच नाही म्हणेन. आणि तुम्ही दारात उभ्या राहाल.”

वहिनींनी मान खाली घातली. आपण लागेल असं बोललो, हे बारकीला कळलं, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. हात पुसून तिने भिंतीवरची डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची गड्डी काढली, तिच्यातली एक कोरी चिठ्ठी आणि एक पेन्सिल बाकावर वहिनींसमोर ठेवली. मग स्वतःच्या स्टुलावर पाय फाकून बसली, हात छातीवर बांधले आणि हनुवटी वर करून आवाज जाड केला.

“हं. इथे सही कर.”

वहिनी गोंधळल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या लाजून काकांकडे पाहू लागल्या. काका भांडं विसळत होते. ते चौथ्यांदा विसळून होत होतं.

“इथे सही कर म्हणतोय,” बारकी दादाच्या आवाजात म्हणाली. “माणूस खोळंबलाय.”

“बघू,” वहिनी पुटपुटल्या.

“बघू म्हणजे हो झालं,” बारकी स्वतःच्या आवाजात म्हणाली. “पुन्हा. इथे सही कर.”

“आत्ताच नको ना.”

“म्हणजे तो उद्या पुन्हा विचारणार. सही कर.”

“ते मी पडद्यांचं नवीन मशीन घ्यायचं म्हणत होते, म्हणून...”

“कारण सांगू नका. कारण दिलं की तो त्याच्यावर बोलत बसतो, आणि तासाभराने तुम्हालाच ते खोटं वाटायला लागतं. मला माहीत आहे. सही कर.”

वहिनींनी चिठ्ठीकडे पाहिलं. पेन्सिल उचलून त्यांनी ती बाकाच्या पलीकडे, बारकीच्या बाजूला ठेवली.

“नाही,” त्या म्हणाल्या.

आवाज लहान होता, पण नळ बंद झाला होता, त्यामुळे तो खोलीभर ऐकू गेला. बारकीने दादाचं पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. बहिणीच्या ‘नाही’ला दादा काय म्हणतो ते तिने ऐकलं होतं. बायकोच्या ‘नाही’ला काय म्हणेल हे तिला ठाऊक नव्हतं, वहिनींनाही नव्हतं. वीस वर्षांत ते कोणाच्या ऐकण्यातच आलं नव्हतं.

वहिनींनी स्टूल पुढे ओढलं आणि पर्स मांडीवरून काढून खाली जमिनीवर ठेवली.

“पुन्हा विचारा,” त्या म्हणाल्या. “आणि असं नाही. ते विचारतात तसं, जोरात.”